विमाने त्यांची, चोथा आमच्या पदरात

२०२६ च्या फेब्रुवारी महिन्यात भारत व अमेरिका या देशांच्या सरकारांनी अंतरिम व्यापार करारासंबंधी एक संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. निवेदन लहान आहे आणि प्रत्येक शेतकऱ्याने ते वाचावे अशा योग्यतेचे आहे. त्यात दोन याद्या आहेत. पाच वर्षांत पाचशे अब्ज डॉलरचा अमेरिकी माल विकत घेण्याचा इरादा भारताने व्यक्त केला असून त्या मालाची पहिली यादी आहे: ऊर्जा-उत्पादने, विमाने व विमानांचे सुटे भाग, मौल्यवान धातू, तंत्रज्ञानविषयक वस्तू, कोकिंग कोळसा. ज्या अमेरिकी शेतमालावरील आयातशुल्क भारत कमी किंवा रद्द करणार, त्याची दुसरी यादी आहे. तिच्यात धान्यातून मद्यार्क काढून घेतल्यावर उरणारा वाळवलेला चोथा आहे, पशुखाद्याची तांबडी ज्वारी आहे, सोयाबीन तेल आहे, फळे आहेत, मद्य आहे.

निवेदन प्रसिद्ध झाल्यानंतर माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तो मका आणि कापूस करतो. महाविद्यालयात असताना त्याने कधी प्रश्न विचारल्याचे मला स्मरत नाही. त्या दिवशी मात्र वर्तमानपत्र पुढे ठेवून तो म्हणाला, "सर, विमानाचं आन् मक्याचं एका कागदावर काय काम? हे तुम्ही आम्हाला शिकवलं व्हतं का?"

शिकवले नव्हते. तीस वर्षे मी वर्गात रिकार्डोचा तुलनात्मक खर्चाचा सिद्धांत फळ्यावर काढून दाखवला. इंग्लंडचे कापड, पोर्तुगालची दारू, दोघांचाही लाभ. उदाहरण इतके गोंडस आहे की शिकवणाराच त्याच्या मोहात पडतो. कापड विणणाऱ्याने आपल्या सरकारच्या तिजोरीतून पैसा घेतला, आणि त्याबद्दलचा दंड दारू गाळणाऱ्याला भरावा लागला, असे त्या उदाहरणात कुठेही घडत नाही. प्रत्यक्ष जगात नेमके असेच घडले आहे, आणि त्याचा पुरावा प्रवासी विमाने बांधणाऱ्या दोन कंपन्यांच्या भांडणात नोंदला गेला आहे.

आम्हा सिल्लोडकरांचा विमानाशी संबंध एवढाच, असा आमचा समज असतो की चिकलठाण्याला उतरलेले पर्यटक अजिंठ्याची लेणी पाहायला आमच्या गावावरून जातात. या समजाची किंमत आपण मोजत आहोत, म्हणून हा लेखप्रपंच.

मोठी प्रवासी विमाने बांधणाऱ्या कंपन्या जगात प्रामुख्याने दोनच उरल्या आहेत. अमेरिकेची बोइंग आणि युरोपची एअरबस. एअरबस १९७० मध्ये फ्रान्स व जर्मनी यांनी मिळून उभी केली; पुढे स्पेन आणि ब्रिटन त्यात सामील झाले. ती बाजारातील चढाओढीतून जन्मली नाही. सरकारांनी ठरवले, सरकारांनी पैसा घातला, नव्या विमानाच्या आखणीसाठी अल्पव्याजी कर्जे दिली, आणि ती कर्जेही अशी की विमान खपले तर परत करायची. यात लाजण्यासारखे काही नाही. समाजवादी विचाराच्या माणसाने तर याचे कौतुकच करायला हवे, कारण केवळ नफ्याच्या हिशेबावर सोडले असते तर युरोपात हा उद्योग उभा राहताच ना. लाजण्यासारखे आहे ते ढोंग. अमेरिकेने एअरबसला सरकारपोषित म्हणून हिणवले; पण बोइंगच्या पाठीशी अमेरिकी अंतराळ संस्थेचे आणि संरक्षण खात्याचे संशोधन उभे होते, आणि राज्य सरकारांच्या करसवलती होत्या. १९९२ मध्ये दोघांनी आपसात करार करून थेट सरकारी साह्याला मर्यादा घातल्या. २००४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेने तो करार मोडीत काढला आणि जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नेली. युरोपनेही तत्काळ उलट तक्रार केली.

सतरा वर्षे हा खटला चालला. निकाल काय लागला? दोघेही दोषी. एअरबसला सुमारे १८ अब्ज डॉलरचे अनुदान मिळाले, बोइंगला किमान ५.३ अब्ज डॉलरचे मिळाले, असे पंचांनी सांगितले. ज्या दोन सत्ता आम्हाला उठताबसता खुल्या बाजाराचे पाठ देतात, त्या दोन्ही सत्तांची सर्वांत प्रतिष्ठित कारखानदारी सरकारी अनुदानावर वाढलेली आहे, हे त्यांनीच परस्परांविरुद्ध सिद्ध करून दिले. आम्हा अर्थशास्त्राच्या मास्तरांना इतके सुबक प्रात्यक्षिक क्वचितच लाभते.

पण खरी गोष्ट निकालानंतरची आहे. २०१९ मध्ये अमेरिकेला दर वर्षी साडेसात अब्ज डॉलरच्या युरोपीय मालावर जादा शुल्क बसवण्याची मुभा मिळाली. तिने विमानांवर किती बसवले? दहा टक्के; पुढे पंधरा. आणि फ्रान्सच्या वाइनवर, स्पेनच्या ऑलिव्हवर, स्कॉटलंडच्या व्हिस्कीवर, इटलीच्या चीजवर? पंचवीस टक्के! इटली तर एअरबसच्या चार भागीदार देशांत नाहीच. पार्मा प्रांतातील चीज करणाऱ्या गवळ्याने विमानाचा एक खिळाही बनवला नव्हता. २०२० मध्ये युरोपला सुमारे चार अब्ज डॉलरपुरती तशीच मुभा मिळाली. त्यानेही विमानांवर पंधरा टक्के आणि ट्रॅक्टर, कवचफळे, तंबाखू, मद्य यांवर पंचवीस टक्के शुल्क लावले. अमेरिकी विमान कंपन्यांना एअरबसची विमाने हवी होती, युरोपीय कंपन्यांना बोइंगची. म्हणून विमानांना हलका हात लावायचा आणि द्राक्षे, दूध, ऑलिव्ह पिकवणाऱ्यांना झोडपायचे, हा हिशेब त्यात होता. २०२१ च्या जून महिन्यात ब्रुसेल्सला दोघांनी पाच वर्षांचा तह केला आणि ही शुल्के थांबवली. तहाचे एक कारण उघडपणे सांगण्यात आले: चीनचा विमान उद्योग आता पुढे येत आहे, तेव्हा आपसातले भांडण पुरे. दोन सावकारांची गावात तिसरे दुकान निघताच दिलजमाई व्हावी, तसेच हे. मधल्या काळात बुडालेल्या गवळ्याला कोणी भरपाई दिली नाही.

आता काही स्नेही मला म्हणतील, प्राध्यापक महाशय, स्पर्धेमुळेच विमाने स्वस्त झाली, चांगली झाली; तुम्ही जुन्या जगातले. त्यांच्यासाठी एक हकीकत सांगतो. २०१० च्या अखेरीस एअरबसने कमी इंधन खाणारे ए-३२० निओ विमान जाहीर केले. बोइंग नवे विमान आखण्याच्या विचारात होती. पण २०११ मध्ये तिचे हक्काचे अमेरिकी गिऱ्हाईक एअरबसकडे वळू लागताच तिने घाईने जुन्याच ७३७ ला मोठी इंजिने बसवण्याचे ठरवले. इंजिनांमुळे विमानाचा तोल बदलला. म्हणून त्याचे नाक आपोआप खाली दाबणारी एक यंत्रणा घातली, ती एकाच संवेदकाच्या भरवशावर ठेवली, आणि वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचा उल्लेखही केला नाही. कारण वैमानिकांना नव्याने प्रशिक्षण द्यावे लागले तर गिऱ्हाइकाचा खर्च वाढेल आणि तो एअरबसकडे जाईल. २०१८ च्या ऑक्टोबरात इंडोनेशियात आणि २०१९ च्या मार्चमध्ये इथिओपियात मिळून ३४६ माणसे मेली. ही स्पर्धेचीच फळे आहेत. (अहमदाबादला २०२५ च्या जूनमध्ये झालेल्या दुर्घटनेत कोसळलेले विमानही बोइंगचेच होते. पण तो अपघात या वादात पुरावा म्हणून वापरण्याचा मोह मी टाळतो. मेलेल्यांच्या नावावर तर्क लढवणे बरे नव्हे.)

मुळात दोनच विक्रेते असलेल्या बाजाराला खुली स्पर्धा म्हणणे हीच मखलाशी आहे. तिसरा उभा राहू लागला की त्याचे काय होते ते कॅनडाच्या बॉम्बार्डिअर कंपनीला विचारावे. तिने लहान आकाराचे एक चांगले विमान बांधले. २०१७ मध्ये बोइंगच्या तक्रारीवरून अमेरिकी सरकारने त्यावर सुमारे तीनशे टक्के शुल्क प्रस्तावित केले. गांगरलेल्या बॉम्बार्डिअरने त्या प्रकल्पाची निम्म्याहून अधिक मालकी एअरबसला एका डॉलरला देऊन टाकली. पुढे २०१८ च्या जानेवारीत अमेरिकेच्याच आयोगाने ते शुल्क एकमताने फेटाळले. पण तोवर तिसरा प्रतिस्पर्धी दुसऱ्याच्या पोटात गेला होता.

या दोघांच्या ओढाताणीत भारताची भूमिका कोणती होती? गिऱ्हाइकाची, आणि तीही सावध गिऱ्हाइकाची नव्हे. इंडियन एअरलाइन्सचा कल १९८४ मध्ये बोइंग ७५७ कडे होता. राजीव गांधींचे सरकार आल्यावर तो एअरबस ए-३२० कडे वळला आणि १९८६ मध्ये १९ विमानांचा करार झाला. या पालटाबद्दल १९९० मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदवला. २००५-०६ मध्ये दोन्ही सरकारी कंपन्यांसाठी मिळून १११ विमाने घेण्यात आली. ४३ एअरबसची, ६८ बोइंगची. दोघांनाही खूश ठेवण्याची ही वाटणी होती. ही खरेदी गरजेपेक्षा पुरवठ्याच्या रेट्याने झालेली दिसते, अशा आशयाचा ठपका महालेखापरीक्षकांनी २०११ मध्ये ठेवला. एअर इंडिया कर्जात रुतली त्यात या खरेदीचा वाटा मोठा होता.

पुढचे गणित विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून घ्यावे असे आहे. २०२१ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाला विकली तेव्हा तिच्यावर सुमारे ६१,५६२ कोटी रुपयांचे कर्ज होते. टाटांची बोली १८,००० कोटींची. त्यातले १५,३०० कोटी कर्जाच्या रूपाने नव्या मालकाने घेतले, २,७०० कोटी रोख दिले. उरलेले ४६ हजार कोटींहून अधिक कर्ज सरकारने वेगळी कंपनी काढून तिच्या नावे ठेवले, म्हणजे तुमच्या-माझ्या नावे ठेवले. विमाने खाजगी झाली, देणे सार्वजनिक राहिले! सरकारी उद्योग अकार्यक्षम असतात, असे जे सांगत फिरतात त्यांनी हा आकडा आपल्या भाषणात कधी घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आणि १४ फेब्रुवारी २०२३ रोजी त्याच एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी जाहीर केली. २५० एअरबसला, २२० बोइंगला. पुन्हा तीच वाटणी. आमच्या पंतप्रधानांच्या दूरदृश्य बैठकीला फ्रान्सचे अध्यक्ष उपस्थित. अमेरिकी अध्यक्षांनी निवेदन काढून आपल्या जनतेला सांगितले की या खरेदीने अमेरिकेच्या ४४ राज्यांत दहा लाखांहून अधिक रोजगारांना आधार मिळेल. बायडेन यांना मी दोष देत नाही. त्यांनी आपल्या मजुरांचा हिशेब मांडला. आमच्याकडून असा हिशेब कोणी मांडला का? एवढ्या प्रचंड मागणीच्या बदल्यात भारतात काय येणार, कोणते तंत्रज्ञान, कोणता कारखाना, किती माणसांना काम, हे कोणत्या संसदीय समितीपुढे कराराआधी आले? ब्राझीलने १९६९ मध्ये सरकारी कंपनी म्हणून एम्ब्राएर काढली आणि आज जग तिची विमाने विकत घेते. आमच्याकडे कानपूरला ॲव्रो बांधली जात होती, इंडियन एअरलाइन्स ती चालवत होती. तो धागा आपण हातचा सोडला.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर २००६ च्या त्या खरेदीच्या बदल्यात बोइंगने नागपूरच्या मिहानमध्ये विमान दुरुस्तीचे केंद्र बांधून देण्याचे मान्य केले होते. ते सुरू व्हायला २०१५ उजाडले. २०२२ मध्ये मात्र आमच्या राज्यात विमानांवरून मोठी आरडाओरड झाली. टाटा आणि एअरबस यांचा सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानाचा २१,९३५ कोटींचा प्रकल्प नागपूरला येणार अशी आशा दाखवली गेली आणि भूमिपूजन वडोदऱ्याला झाले. गुजरातने पळवला, अमुक सरकारने घालवला, तमुक सरकारने घालवला, असे महिनाभर चालले. माझा सूर त्या वेळीही वेगळा होता, आजही आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने बोइंगचे कारखाने आपल्याकडे राहावेत म्हणून २०१३ मध्ये सुमारे ८.७ अब्ज डॉलरच्या करसवलती दीर्घ मुदतीने देऊ केल्या. बोइंगने त्या घेतल्या, आणि पुढे ७८७ विमानाची सगळी जुळणी कामगार संघटना दुबळ्या असलेल्या दक्षिण कॅरोलिनात नेली. कंपन्या देशांना झुंजवतात आणि देशाच्या आत राज्यांना झुंजवतात. महाराष्ट्र आणि गुजरात यांनी एकमेकांवर सवलतींच्या बोली लावाव्यात यात मराठी माणसाचा अपमान झाला की त्याचा खिसा कापला गेला, याचा विचार त्या आरडाओरडीत कोणी केला नाही.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. २०२५ मध्ये अमेरिकेने जगभर शुल्कांचा बडगा उगारला आणि अनेक देशांनी तो चुकवण्यासाठी जे देऊ केले त्यात एक वस्तू पुन्हा पुन्हा दिसते: बोइंग विमाने. इंडोनेशियाने ५० देऊ केली, जपानने १००. तहाची किंमत म्हणून विमाने घ्यायची, ही पद्धतच पडून गेली. विमान कोणते चांगले, कोणते आपल्या कामाचे, हा प्रश्न मागे पडला. याच क्रमात भारताच्या फेब्रुवारीच्या निवेदनात विमाने आली. आणि ज्या सत्तेने एअरबसचा राग पार्माच्या गवळ्यावर काढला, तिने याच कागदावर मक्याचा चोथा आमच्या दारात ठेवला.

सरकारचे म्हणणे असे की मका, गहू, तांदूळ, दूध यांना संरक्षण आहे. अक्षरशः पाहिले तर ते खरे आहे. पण हा चोथा म्हणजे काय? अमेरिकेत मक्यापासून इथेनॉल काढतात आणि प्रथिनांनी भरलेला जो भाग उरतो तो वाळवून कोंबड्या-जनावरांचे खाद्य म्हणून विकतात. कोंबडीच्या खाद्यात चोथा वाढला की मका आणि सोयापेंड तेवढी कमी लागते. मका पुढच्या दाराने आला नाही. मागच्या दाराने त्याचा सत्त्वांश आला. आमच्याही देशात गेल्या काही वर्षांत मक्यापासून इथेनॉल काढणारे कारखाने निघाले, त्यांचाच चोथा बाजारात पडून सोयापेंडीचा भाव खाली आला आहे. त्यात परदेशी चोथ्याची भर! २०२५-२६ च्या हंगामासाठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये जाहीर झाला होता. आमच्या तालुक्यातील किती शेतकऱ्यांच्या हाती तो पडला, हे सिल्लोडच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर समजेल.

आणि कापूस? २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर पन्नास टक्के शुल्क बसवले, त्याच महिन्यात आमच्या सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क प्रथम सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत माफ केले. वस्त्रोद्योगाला दिलासा हवा होता हे मला मान्य आहे. गिरणीही जगली पाहिजे. परंतु दिलाशाचे पैसे तिजोरीतून न देता बोंडे वेचणीला आलेल्या शेतकऱ्याच्या भावातून का द्यायचे?

अमेरिकेच्या कापसाची कथाही विमानांच्या कथेची सख्खी बहीण आहे. ब्राझीलने २००२ मध्ये अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि ती जिंकली. अमेरिकेने अनुदान बंद केले का? नाही. २०१० पासून तिने ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी दर वर्षी १४ कोटी ७३ लाख डॉलर देण्याचे कबूल केले आणि २०१४ मध्ये एकरकमी ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. आपल्या शेतकऱ्याचे अनुदान चालू राहावे म्हणून परक्या शेतकऱ्याला पैसे! बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब आफ्रिकी देशांनी २००३ पासून हेच गाऱ्हाणे मांडले. त्यांच्या हाती उलट शुल्क लावण्याची ताकद नव्हती, त्यांना काही मिळाले नाही. सिल्लोडचा कापूस उत्पादक त्या चौघांच्या रांगेत उभा आहे की ब्राझीलच्या, हे दिल्लीत बसणाऱ्यांनी ठरवायचे आहे.

मी विमान खरेदीच्या विरोधात नाही. देश मोठा आहे, माणसे प्रवास करणार, विमाने लागणार. उलट मोठ्या गिऱ्हाइकाने घासाघीस करायची असते, एवढेच माझे म्हणणे आहे. दोनच दुकानदार असतील आणि दोघांनाही तुमच्या मागणीची भूक असेल, तर त्या मागणीच्या बळावर तुम्ही आपल्या मालाला वाट मागता; येथे मात्र विमानेही घ्यायची आणि वर शेतमालाचे दारही उघडून द्यायचे, असा उफराटा सौदा दिसतो. तो अजून इराद्याच्या भाषेत आहे असे कोणी म्हणेल, तर बोलण्याची वेळ तीच असते.

सिल्लोड विधानसभा मतदारसंघ जालना लोकसभा मतदारसंघात मोडतो. मक्याचा आणि कापसाचा हा पट्टा ज्यांना दिल्लीला पाठवतो त्यांनी संसदेत लेखी विचारावे: पाचशे अब्ज डॉलरच्या खरेदीत विमानांचा वाटा किती, तो कोणी ठरवला, आणि विमान कंपन्या खाजगी असताना सरकारने त्यांच्या वतीने शब्द कसा दिला? चोथ्याच्या आयातीला वर्षाकाठी किती टनांची मर्यादा, आणि मक्याचा भाव हमीभावाखाली असताना ती आयात आपोआप थांबेल अशी तरतूद आहे काय? कापसाचे आयातशुल्क वेचणीच्या चार महिन्यांत हलवले जाणार नाही, असे आश्वासन मिळेल काय?

माझ्या विद्यार्थ्याने हे तिन्ही प्रश्न एका कागदावर लिहून घेतले आहेत. तालुक्यात फिरून तो त्यावर सह्या घेत आहे.